दोन्ही बाजूंनी कडी

"माझं काही नाही हो" असं कुणी म्हणालं की मला अजून मळमळतं. पुढे 'पण' येणार हे ठाऊक असतं. त्या 'पण'च्या मागे सासू उभी असते, दीर असतो, शेजारी असतात, कधी कधी मेलेली माणसंसुद्धा असतात, आणि बोलणारा मात्र हात झटकून बाजूला. त्यापेक्षा तोंडावर शिव्या देणारा माणूस परवडला. त्याच्याशी निदान भांडता येतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. जळगावात नवी पेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी ड्राफ्ट्समनच, कारण आयटीआयच्या सर्टिफिकेटवर तसंच छापलेलं होतं. घर चाळीसगावकडच्या खेड्यात, लग्न झालेलं नाही, त्यामुळे जळगावात एकटी. खोली शोधताना पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "एकट्याच का?" दुसरा कुणी विचारत नसे, कारण पहिल्याचं उत्तर ऐकून तोंडं वाकडी झालेली असत. शेवटी मिळाली ती खोली आधी कडबा ठेवायची होती. भिंतीतून कुसं निघायची. पाच बिऱ्हाडांत एक संडास, त्याच्या दाराला खालून हातभर फट, आणि सकाळी रांगेत उभं राहिलं की घरमालक समोरच खुर्ची टाकून दात घासत बसायचा. त्याची बायको मी ऑफिसला गेले की माझी पेटी उघडून बघायची. विचारलं तर म्हणाली, "माझं काही नाही हो, पण एकट्या बाईचं कोण काय सांगेल." एकट्या माणसाला आमच्याकडे घर मिळत नाही, फार तर अडगळीतली जागा मिळते.

तेव्हा धुळ्याहून दोन माणसं आमच्या ऑफिसात आली आणि म्हणाली की आम्हांला एकट्या माणसांसाठी बिल्डिंग बांधायची आहे. मी पेन खाली ठेवलं.

त्यांतले एक नाना, निवृत्त हेडमास्तर, विधुर, पांढरं धोतर, बोलताना दर वाक्याला "नियमानुसार" म्हणायचे. सोसायटीचे चेअरमन तेच. पण सोसायटी उभी केली होती ती दुसरीने, अक्काने. अक्का धुळ्यातल्या एका दवाखान्यात नर्स होती. लग्नाच्या भानगडीत कधी पडलीच नाही, आणि दिवाळीनंतर निवृत्त होणार म्हणून क्वार्टर सोडावं लागणार होतं. दोन वर्षं तिने गल्लीगल्लीतून फिरून अकरा माणसं जमवली, ती धरून बारा. विधवा मास्तरीणबाई, पोस्टातला ब्रह्मचारी कारकून, शिवणकाम करणारी एक मारवाडी बाई, असे सगळे एकटे. पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरात प्लॉट घेतला. ही माणसं तिच्या पाठीमागे आली, कारण घरमालकांपुढे त्यांचीही तोंडं माझ्यासारखीच भाजलेली होती.

आमचे साहेब हसले. "वसतिगृहच काढा की, सोपं जाईल." अक्का त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलायला लागली. ऑफिसात नकाशे कोण काढतं हे तिने माझ्या बोटांवरच्या शाईवरून ओळखलं असावं. तिच्या क्वार्टरच्या मागे एक म्हातारा कंपाउंडर एकटा राहायचा. मोरीत पडला. तीन दिवसांनी वास आला तेव्हा दार तोडलं. तो वास तिने मला सविस्तर सांगितला, नर्स सांगते तसा, नाकसुद्धा न मुरडता.

"आतून कडी लायेल ऱ्हास," अक्का म्हणाली. "तीच घात करस. म्हातारपणी चोर येत नही, पोरी. माले भितीमा दरवाजा पाहिजे. शेजारनं माणूस आत येवाले पाहिजे."

भिंतीत दरवाजा. एवढ्या एका मागणीवर मी तीन महिने काम केलं, आणि आयुष्यात एवढ्या आवडीने दुसरं काही काढलेलं नाही. बारा खोल्या, दोन-दोनच्या सहा जोड्या. प्रत्येक खोली दहा फूट रुंद, चौदा फूट लांब, शिवाय मोरी आणि संडास आत. (नाना म्हणाले, "संडास घरात? शी." तरी मी तो आतच ठेवला.) स्वयंपाकाचा ओटा दोन उंचींचा, एका बाजूला उभं राहून आणि दुसऱ्या बाजूला पाटावर बसून काम करता येईल असा, कारण अक्काचे गुडघे गेलेले होते आणि पुढेमागे सगळ्यांचेच जाणार होते. आणि जोडीतल्या दोन खोल्यांच्या मधे भिंत नाही, तर घडीचं लाकडी पार्टिशन. सहा फळ्या, पितळी बिजागऱ्या, वरून रूळ. बंद असलं की दोन घरं, उघडलं की एक मोठं. आजारपणात उघडा, पाहुणे आले की उघडा, बंद ठेवायचं तर वर्षभर बंद ठेवा. कडी दोन्ही बाजूंनी. दोघांनी काढली तरच उघडेल. शिवाय एक फळी अशी, की आतल्या माणसाने तीन वेळा ठोकलं तर पलीकडच्याला स्क्रू काढून आत येता येईल. ती युक्ती माझी. साहेबांनी ती आपलीच म्हणून मीटिंगमधे सांगितली, तेही गिळलं.

दर पंधरा दिवसांनी मी एरंडोल-पारोळ्याच्या गाडीने धुळ्याला जायची, गुंडाळी काखेत धरून. अक्काच्या क्वार्टरमधे बैठक. मी एकेकाला विचारायची, झोपताना डोकं कुठे करता, पापड-कुरडया कुठे वाळवता, आखाजीला किती माणसं येतात. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, मी मुद्दाम विचारत होते. आमच्याकडे एरवी वर्षभर कुणी ढुंकून बघत नाही, पण आखाजीला गोतावळा येतोच, आणि पितरांची घागर मांडल्याशिवाय घर घर होत नाही. म्हणून पार्टिशनच्या शेजारी, जिथे ऊन पोचत नाही, तिथे घागरीसाठी मी एक कोनाडासुद्धा काढला होता. बैठक संपली की अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा वाढायची. मास्तरीणबाई तर तिच्याच ताटात हात घालून जेवायची. "अक्का माझी मागच्या जन्माची बहीण," असं ती म्हणायची, आणि मला ते खरं वाटायचं. आजही वाटतं की तेव्हा ते खरंच होतं, म्हणून तर जास्त शिसारी येते.

कोणाला कोणती खोली द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. नानांनी पितळेच्या डब्यात चिठ्ठ्या घालून नियमानुसार हलवल्या. अक्का आणि मास्तरीणबाई एका जोडीत आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरीणबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, अक्काने तिच्या पाठीवर थोपटलं. परत येताना गाडीत मी खिडकीशी बसून चक्क गुणगुणत होते.

आठ दिवसांनी नानांचा निरोप आला की तातडीची मीटिंग आहे, नकाशे घेऊन या. मी गेले तर मीटिंग अक्काच्या क्वार्टरमधे नव्हती, नानांच्या घरी होती. अक्का दिसत नव्हती. "त्यांची ड्यूटी आहे," नाना म्हणाले. अक्काची ड्यूटी कधी असते हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. तिच्या ड्यूटीची वेळ बघूनच मीटिंग ठेवली होती.

मास्तरीणबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलायला लागली. "माझं काही नाही हो. मी तर अक्काकडे जेवते, सगळ्यांनी बघितलंय. पण यांची घागर मी भरते. आखाजीला दीर-जाऊ येतात गावाहून, आगारी टाकायला. पितरांचा घास आमच्या चुलीत पडतो. आणि ते पार्टिशन उघडलं म्हणजे दोन्ही घरं एकच झाली ना?"

मला आधी कळलंच नाही. मी मूर्खासारखी म्हणाले, "मग आखाजीला उघडू नका. तुमच्या बाजूने कडी आहे की."

"उघडं काय, बंद काय," नाना म्हणाले. "मधे भिंत नाही, हा मुद्दा आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्का बौद्ध होती. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तिने कधी लपवलं नव्हतं. मी बिजागऱ्यांचा विचार केला होता, फळ्या पावसाळ्यात फुगतील त्याचा केला होता, गुडघ्यांचा, पापडांचा, मुडद्याच्या वासाचासुद्धा केला होता. कोण कोणाच्या घरात कडी काढून पाऊल टाकेल, याचा नाही. खेड्यात वाढले, कोणाचं पाणी कुठे भरतात ते बघत वाढले, आणि तरी एकटी माणसं म्हणजे सगळी सारखीच असं धरून बसले. घरमालकाने दार लावलं की सगळे सारखेच दिसतात. तेवढ्यावर माझी अक्कल थांबली होती.

मास्तरीणबाईचा दीर मला माहीत होता, म्हणजे तिच्याच तोंडून माहीत होता. नवरा गेल्यावर ज्याने हिला चौदाव्या दिवशी पेटीसकट स्टँडवर आणून सोडलं, तो हा दीर. वर्षातून एका दिवशी येणार, आमरस-पुरणपोळी खाऊन संध्याकाळच्या गाडीने जाणार. त्याच्या एका दिवसाच्या सोवळ्यासाठी अक्काच्या उरलेल्या सगळ्या दिवसांवर भिंत घालायची. मी हे असंच बोलून दाखवलं. आवाज चढला होता माझा.

मग नानांनी विचारलं की जोडी बदलून घ्यायला कोण तयार आहे. आणि मी उभ्या आयुष्यात ऐकलेली सगळ्यांत किळसवाणी गोष्ट पुढच्या दहा मिनिटांत ऐकली. माझं काही नाही, पण माझी आई अधूनमधून राहायला येते. माझं काही नाही, पण बाप्याच्या खोलीला बाईची खोली लागून, लोक काय म्हणतील. माझं काही नाही, पण आमच्यात कांदासुद्धा चालत नाही. खाली बघत, चहात बिस्कीट बुडवत, एकामागून एक. अकरा माणसं आणि कोणाचंच काही नाही. त्यांच्यातलं एकही माणूस वाईट नव्हतं, हेच मला सहन होईना. ह्याच तोंडांनी तिच्या भाकरी खाल्ल्या होत्या. बिस्किटाचा लगदा त्यांच्या ओठांना चिकटलेला बघून मी नजर खाली वळवली तर माझ्याही हातात बिस्कीट होतं.

"तेवढ्या एका जोडीत भिंत दाखवा," नाना म्हणाले. "बाकी पाच ठिकाणी तुमची युक्ती राहू द्या, छान आहे. आणि टेक्निकल कारण लिहा. तिथे बीमला आधार लागतो म्हणून. म्हणजे नियमानुसार कोणाचं मन दुखणार नाही."

मी साहेबांकडे गेले. मनात होतं की ते तरी म्हणतील, असलं खोटं आपण लिहीत नाही. ते पेपर वाचत होते. "क्लायंट म्हणतो तसं करायचं," म्हणाले. "तुला काय त्यांच्याशी सोयरीक करायचीय?"

हे काम मी नाकारू शकले असते. नोकरी गेली असती, कडब्याची खोली सुटली असती आणि मी चाळीसगावच्या गाडीत बसून गावी गेले असते, जिथे माझ्यासाठी एक बिजवर बघून ठेवलेला होता. मी नाकारलं नाही. ट्रेसिंगवर शाईने ओढलेली रेघ पुसता येत नाही, ब्लेडने खरडावी लागते. मी अर्धं ब्लेड घेऊन अक्काच्या जोडीतलं नागमोडी पार्टिशन खरडलं. फार हलक्या हाताने, कागद फाटू नये म्हणून. कामात मी नेटकी होते. त्या जागी दोन समांतर रेघा ओढल्या, मधे तिरप्या रेघा भरल्या, बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'बीमच्या आधारासाठी भिंत'. अक्षर सुरेख आलं. त्याचीही किळस आली.

नकाशावर सगळ्या सभासदांच्या सह्या लागत होत्या. अकरा झाल्या. अक्काची घ्यायला नानांनी मलाच पाठवलं, "तुमचं तिच्याशी जमतं" म्हणून.

दुपारची वेळ होती. अक्का ड्यूटीवरून येऊन पाय पसरून बसली होती, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. तिने उठून मला पाणी दिलं. मी ते गटागट प्यायले आणि आणखी एक पेला मागून घेतला. तहान नव्हती. मी बाकीच्यांसारखी नाही हे दाखवायला दुसरा पेला प्यायले, आणि अक्का माझ्याकडे बघत होती, तिला ते कळलं. दवाखान्यात नाटकं करणारी माणसं तिने थोडी बघितली होती का.

मी प्रिंट पसरला. ताज्या प्रिंटच्या कागदाला असतो तो अमोनियाचा वास खोलीभर झाला. अक्काने चष्मा लावला, बोटाने खोल्या मोजत तिच्या खोलीशी आली आणि बोट थांबलं. बारीक अक्षर तिने दोनदा वाचलं.

"बीमला आधार इथेच लागतो?" दवाखान्यातल्या शुद्ध भाषेत तिने विचारलं. "बाकीच्या पाच ठिकाणी नाही लागत?"

वाटेत गाडीत मी उत्तर घोकत आले होते. लोडबिडचं काहीतरी. ते तोंडातून निघेना. तोंडातून निघालं ते असं, "माझं काही नाही, अक्का. पण कमिटीने..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. ते शब्द माझ्या तोंडून इतके सहज आले होते, की जणू दूध पितानाच शिकवलेले असावेत. शिकवलेले होतेच.

अक्काने चष्मा काढून पदराने पुसला. मी वाट बघत होते की ती प्रिंट फाडेल, मला हाकलेल, नानांच्या घरी जाऊन अकरा माणसांपुढे तोंड सोडेल. तिने तसं केलं असतं तर मी तिच्या बाजूने बोलले असते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. तिने विचारलं, "मास्तरीणबाईनं काय सांगं?"

"आखाजीची घागर," मी म्हणाले.

"हां," अक्का म्हणाली. बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं. दिवाळीनंतर हे क्वार्टर जाणार होतं, दुसरीकडे कुठे खोली मिळणार नव्हती, आणि हे आम्हां दोघींना सारखंच माहीत होतं. "माले राहाले जागा पाहिजे," ती शेवटी म्हणाली, माझ्याशी नाही, प्रिंटशी. मग बोट त्या दोन रेघांवर ठेवून तिने विचारलं, "ही भीत कितली जाड शे?"

"साडेचार इंच."

"नऊ इंची कर."

मी म्हणाले, साडेचार पुरते, आतली भिंत आहे, वर लोड नाही. आणि बोलता बोलता लक्षात आलं की शेजारीच माझ्या अक्षरात आधाराचं लिहिलेलं आहे.

"साडेचारमाईन आवाज येस," अक्का म्हणाली. "तीस वरीस वार्डमा काढात मी. पलीकडे कोनी कन्हाले लागनं का माले उठनंच पडस. ते काही मन्हा हातमा नही." तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, सही केली आणि पेन परत दिलं. "आते माले उठनं नही शे. आणि जास्तीनी जागा बाईना घरमाईन नको लेवू. मन्हा घरमाईन ले."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ब्लेड घेतलं आणि भिंत नऊ इंची केली. साहेबांनी जाता जाता विचारलं, बाकी सगळं हलकं असताना इथेच नऊ का, तर मी म्हटलं, क्लायंटने सांगितलंय. नंतर मापं दुरुस्त केली. मास्तरीणबाईची खोली दहा फूट राहिली. अक्काची नऊ फूट साडेसात इंच झाली.